पस्तीस टक्के

रात्री लॅपटॉप चालूच ठेवून शटर ओढलं होतं.
सकाळी आले तर निळ्या पडद्यावर
पांढरे ठिपके एकमेकांमागे गोल फिरत होते
आणि खाली : पस्तीस टक्के. बंद करू नका.

नाही केला.
खानापूर स्टँडसमोरच्या या आठ बाय दहाच्या दुकानात
मी कुणाचंच एवढं ऐकत नाही.
अकरा वाजता पस्तीस. जांबोटीची बस सुटली, पस्तीस.
हुंदरे मामा येऊन बसले, तंबाखू मळून झाली,
"काय करूलास गे वैजू?"
"वाट बघतेय."

मग लाईट गेली.
बंद करू नका म्हणजे काय, हेस्कॉमला काय ठाऊक.
बॅटरी गेल्या दिवाळीपासून नावालाच आहे.

लाईट आली तसा तो उठला,
कंपनीचं नाव सांगितलं आणि परत काळा पडला.
उठला, नाव सांगितलं, काळा.
सासरे शेवटच्या महिन्यात असंच करायचे :
दचकून उठायचे, गावाचं नाव सांगायचे,
आणि कलंडायचे.

आत हुंदऱ्यांच्या मनीषाची पत्रिका.
एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड,
जावई बैलहोंगलचा म्हणून.
थोरल्या काकांचं नाव धाकट्याच्या खाली गेलं
त्यावर अर्धा दिवस फोन झालेले.
बॅकअप?
घेते की. दर अमावस्येला.
आज चतुर्दशी.

बेळगावला इराण्णाला फोन लावला.
शहापुरातल्या एका बोळात तो
उघड्या मॉनिटरांच्या हाडांत बसलेला असतो.
"ईग एन काणस्तैति?"
"काळं. नुसतं काळं काणस्तैति."
आमचं असंच चालतं. तो चिडला की मराठीत येतो,
मी घाबरले की कन्नडात जाते.
"तीनदा बटण दाबून मार त्याला," तो मराठीत म्हणाला,
"चौथ्यांदा तोच विचारतो, काय झालं म्हणून."

तीनदा मारलं.
चौथ्यांदा खरंच विचारलं त्यानं.
माणसंसुद्धा एवढ्यावर विचारत नाहीत.
शेवटचं अपडेट काढून टाकू का? काढ बाबा.
फिरला, फिरला. जमलं नाही म्हणाला.

दोनच्या बसनं पेनड्राईव्ह आला,
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात, वर रबर लावून.
कंडक्टर शिवलिंगप्पा म्हणाले,
"ह्याचं हाफ तिकीट झालं असतं बघा."

साडेचारला तो उघडला.
फाइली जागच्या जागी.
पत्रिका उघडली तर मराठीच्या बाजूला चौकोन.
कन्नडच्या बाजूलाही चौकोन.
रिकामे, सारख्या मापाचे, ओळीनं,
पंगतीत पानं मांडावीत
आणि वाढपी यायचाच राहावा तसे.
मामांनी चष्मा लावला. दोन्हीकडे बघत राहिले.
"ह्यातली आमची बाजू कुठली?"
मला सांगता येईना.
समोर स्टँडजवळच्या पाटीवर कुणी कधी काळं फासलेलं
अजून पुसट दिसतं. तिकडं मी बघितलं नाही.

इराण्णानं न सांगता
दोन्ही फॉन्ट पेनड्राईव्हमध्ये घालून ठेवले होते.
आधी गोल गोल अक्षरं भरली.
"आमचं?" "नाही मामा, व्याह्यांचं. थांबा जरा."
मग श्री आला. मग गणपती प्रसन्न झाला.
मग चि. सौ. कां. मधला अनुस्वार,
मग थोरले काका, वरच, जिथं असायला हवेत तिथं.
मामा बोट ठेवून एकेक नाव वाचत गेले.
कन्नडच्या बाजूलाही बोट फिरवलं, वाचता येत नसताना.
"भरलं की सगळं," म्हणाले.

ते गेल्यावर कोपऱ्यातून एक चौकट वर आली.
महत्त्वाचं अपडेट तयार आहे. आत्ता की नंतर?

नंतर.

मग रिकाम्या डब्यावरचं रबर काढून मनगटात घातलं,
पेनड्राईव्ह पुन्हा लावला,
आणि या महिन्यापुरती अमावस्या
एक दिवस अलीकडं ओढली.